सुई टोचण्याआधीचा प्रश्न

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे महाडात बहुतेकांना ठाऊक होतं. मुलींना मी रक्त घ्यायला शिकवत असे, आणि एखादीचा हात थरथरला की तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत माझा आवाज चढलेला असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू लंगडी आहे. जिच्याबद्दल सांगायचं आहे तिचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. तिचं नाव लिहीत नाही. ती आहे अजून, आणि आपलं नाव कुठे छापून आलेलं तिला खपायचं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. महाडला एका ट्रस्टचं छोटंसं रुग्णालय होतं. आज ते नाही, त्या जागी दुकानं आहेत. तिथल्या प्रयोगशाळेत मी एकटीच. प्रयोगशाळा म्हणजे खोली एक, खिडकी एक, सूक्ष्मदर्शक एक, आणि रॉकेलवर चालणारा एक फ्रिज, ज्याची वात मी देवघरातल्या समईपेक्षा जास्त भक्तिभावाने साफ करत असे. दर वर्षी रुग्णालय सहा मुली शिकायला घेई. त्यांना पट्ट्या बांधायला, ताप मोजायला, बाळंतपणात मदत करायला शिकवणारे दुसरे होते. रक्त घ्यायला शिकवणं माझ्याकडे. तीन महिने झाले की मी प्रत्येकीच्या कागदावर एक शब्द लिहायचा, योग्य किंवा अयोग्य. योग्य ठरलेली पुढे वर्षभर शिके आणि मग पोलादपूरच्या बाजूला एखाद्या गावातल्या आमच्या दवाखान्यावर तिची नेमणूक होई, राहायच्या खोलीसकट. अयोग्य ठरलेली घरी जाई. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. डोंगरातल्या गावात एकटीने काम करायचं, तिथे जिला शीर सापडत नाही ती काय कामाची?

शिकवण्यात मात्र मी कुणाला हार जाणारी नव्हते, हे छातीठोकपणे सांगते. त्या काळी सुया एकदा वापरून फेकायच्या नव्हत्या. काचेची सिरिंज, तिचा दट्ट्या आणि सुया फडक्यात गुंडाळून उकळायच्या. वापरून वापरून सुईचं टोक बोथट होई, कधी त्याला डोळ्यांना न दिसणारा आकडा येई. म्हणून पहिले आठ दिवस मी मुलींना माणसाच्या जवळ फिरकू देत नसे. तेलाच्या दगडावर सुई घासायची आणि तिचं टोक कापसावरून ओढून बघायचं. एक तंतू जरी ओढला गेला तरी सुई परत दगडावर. जी कापसात अडकते ती माणसाला ओरबाडते, हे माझं ठरलेलं वाक्य. मग सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी घ्यायची, तिच्यात कुंकवाचं पाणी भरायचं, दोन्ही टोकांना गाठ मारायची आणि वर ओल्या फडक्याची घडी घालायची. ती आमची पहिली शीर. डोळे मिटून बोटाने ती शोधायची, सुईचं तोंड वर ठेवून तिरपी घालायची, लाल पाणी दिसलं की थांबायचं.

खऱ्या माणसांवर आल्या की मुली आधी शेतात राबलेल्या म्हाताऱ्यांच्या हातावर भाळायच्या. दोरखंडासारख्या शिरा, आता काय, हातचा मळ. सुई लावली की तीच शीर बाजूला सरकायची आणि म्हातारा मिशीत हसायचा. खालची कातडी अंगठ्याने ताणून धरल्याशिवाय ती शीर जागेवर राहत नाही, हे त्या एका फजितीत जेवढं कळे तेवढं माझ्या दहा व्याख्यानांत कळलं नसतं. आधी दंडाचं रबर सोडायचं, मग सुई काढायची, मग बोळा दाबायचा आणि हात सरळ ठेवायचा. नळीत रक्त सोडताना सुई काढून कडेने हळू सोडायचं. हा क्रम मी पाढ्यांसारखा म्हणवून घेई, आणि चुकलेलीला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी.

त्या वर्षीच्या सहा जणींत ती वयाने थोरली, तेवीस-चोवीसची. बाकीच्या शाळेतून नुकत्या उठलेल्या. पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर तिची वाडी. घरी म्हशी, शेळ्या आणि उतारावरची थोडी नाचणी. नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार मांडला. तीन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन ही भावाकडे परत आली. भाऊ वाईट नव्हता, पण भावजयीच्या घरात परत आलेल्या नणंदेला जेवढी जागा असते तेवढीच हिला होती. सातवी पास होती म्हणून कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं. मुलीला आईजवळ ठेवून आली होती. पहिल्याच आठवड्यात तिने मला हे सगळं सांगितलं, तेही न रडता, पोलादपूरची गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं. दवाखान्यावर नेमणूक झाली की खोली मिळेल आणि खोली मिळाली की मुलीला आणीन, एवढंच तिचं गणित होतं. म्हणजे तिच्या कागदावर मी कोणता शब्द लिहिते यावर तिचं काय काय अवलंबून आहे, ते मला पुरतं माहीत होतं.

आणि तरीही दोन महिने होता होता मी मनातल्या मनात 'अयोग्य' लिहून टाकलं होतं.

कारण एकच, ती मंद होती. डोक्याने नव्हे, कामाने. बाकीच्या मुली पाच जणांचं रक्त घेत तोवर हिचं एक माणूस खुर्चीतच. समोर बाई येऊन बसली की ही आधी तिचा हात हातात घेई, चोळी, आणि विचारी, "माहेर कुठलं गो तुझं?" मग बापाचं नाव, माहेरचं नाव, भाऊ किती, गावात पाणी कुठून आणता. ते सगळं एका चाळीस पानी वहीत पेन्सिलीने लिहून घेई. बाहेर रांग ताटकळलेली, आत ही माहेर विचारते आहे. माझं पित्त खवळायचं. एकदा भर रांगेत मी तिला विचारलं की इथे रक्त घ्यायला आली आहेस की सोयरीक जुळवायला. बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. ती पण हसली आणि वहीत लिहायचं ते लिहून मगच उठली. तिला दोनदा शीर सापडली नाही, तेव्हाही मी डोक्यावर उभी होते आणि पाय आपटत होते. पण मला निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि तिला बोळा दाबायच्या कामाला लावलं. सुई मी किंवा दुसऱ्या मुली टोचणार, ही नुसता बोळा धरणार. तिने बोळा धरता धरता माहेर विचारायचं मात्र सोडलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हे काही मला नवीन नव्हतं. उखाण्यात घेतील, डोहाळजेवणाला घेतील, दवाखान्यात घेणार नाहीत. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं तर नाहीच नाही. बरं, त्यांचं स्वतःचं नावही लग्नात बदललेलं. ते कागदावर असतं, घरात कुणी वापरत नाही. घरात त्या थोरली, धाकटी, नाहीतर माहेरच्या गावावरून ओळखल्या जातात. केसपेपरच्या खिडकीशी सासरा सांगेल ते नाव. माझ्या खोलीत मग रोज तेच नाटक. नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघणार, शेजारीण हसणार, आणि रांगेत माणसं वाढणार. त्यावर मी माझा झटपट उपाय काढला होता. कागदावरचं नाव मीच मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, हेच ना? बाईने मान हलवली की नाव पट्टीवर आणि पट्टी नळीवर. मुलींनाही मी हेच शिकवलं होतं, आणि वर सांगितलं होतं की याला म्हणतात डोकं चालवणं.

हे सगळं घडलं तो दिवस मंगळवार होता, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा. पोलादपूरच्या रस्त्यावरच्या एका गावातून दोघी जावा सासऱ्याबरोबर सकाळच्या गाडीने आल्या होत्या. दोघींचे नवरे मुंबईला. थोरली महिनोन्‌महिने अंगावरून रक्त जाऊन जाऊन पांढरी फटक पडली होती. पोटात गाठ होती आणि दुपारी डॉक्टर तिचं ऑपरेशन करणार होते. त्याआधी तिला एक बाटली रक्त चढवायचं होतं. तिचा भाऊ रक्त द्यायला सवहून, तिच्या माहेरहून, निघाला होता. धाकटीला पाचवा महिना होता. ती सोबत म्हणून आली होती, तर आलीच आहेस तर तुझंही रक्त तपासून घे, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोघींचा रक्तगट बघायचा होता. सासऱ्याने खिडकीशी दोघींचे केसपेपर करून घेतले, ते धाकटीच्या हातात दिले आणि भावाची वाट बघायला तो एस.टी. स्टँडवर गेला.

रांग दारापर्यंत होती म्हणून मी दोघींना एकदमच आत घेतलं. थोरली सुईला घाबरत होती. धाकटी म्हणाली, आधी माझं घ्या, म्हणजे हिची भीती जाईल. ती खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही कागद माझ्या हातात दिले. मी वरचा कागद उचलला, त्यावरचं नवऱ्याचं नाव खणखणीत आवाजात वाचलं आणि विचारलं, हेच ना? धाकटीने मान खाली घातली आणि पदर पुढे ओढला. मी ते 'हो' समजले. नवऱ्याचं नाव ऐकून लाजली, आणखी काय. रक्त घेतलं, नावाची पट्टी नळीला चिकटवली. मग थोरली बसली. तिला मी काही विचारलंच नाही, कागद एकच उरला होता. तिची शीर मिळायला मला दोनदा टोचावं लागलं आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढला.

बोळा धरायला माझी ती मंद विद्यार्थिनी होतीच. थोरलीचं रक्त लवकर थांबेना, तेव्हा ती बराच वेळ तिच्यापाशी बसून होती. माझ्या कानावर तिचं बोलणं अर्धवट पडत होतं. थोरलीने माहेर सव सांगितलं, तशी ही म्हणाली, सवची म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांची, मग हात असे बर्फागत कसे गो तुझे. थोरली कधी नव्हे ती हसली. धाकटी पाचाडची होती, तेही हिने विचारून वहीत लिहिलं. मग थोरलीला धरून तिने वॉर्डात नेलं आणि सात नंबरच्या खाटेवर निजवलं.

दुपारपर्यंत माझं काम फत्ते झालं होतं. थोरलीच्या नावाच्या नळीतलं रक्त बी गटाचं निघालं. सवहून भाऊ आला, त्याचंही बी. दोघांचं रक्त एकमेकांशी जुळवून बघितलं, कुठे गुठळी नाही, सगळं छान. भावाची बाटली भरून घेतली, तिच्यावर सात नंबरच्या खाटेची पट्टी लावली, सही केली. बाटली न्यायला वॉर्डातली आया दारात उभी होती. एवढ्यात मागे नळावर काचेच्या पट्ट्या धूत असलेली ती माझ्याजवळ आली आणि रॅकमधल्या नळीकडे बोट करून म्हणाली,

"बाई, ही नळी सवच्या बाईची नाय."

मी विचारलं, तुला काय माहीत? ती हळू आवाजात पण न थांबता सांगत गेली. सवच्या बाईचं रक्त कोकमाच्या सारासारखं पातळ होतं. बोळा तिनेच धरला होता, बोळ्यावरचा डागसुद्धा फिका होता. ह्या नळीत तर घट्ट गोळा धरला आहे. आणि पाचाडच्या बाईच्या नावाची नळी बघा, तिच्यात गोळा एवढासा आणि वर नुसतं पिवळं पाणी.

मी नळ्यांकडे बघितलंच नाही. मी पट्टीकडे बघितलं, कारण पट्टीवर माझं अक्षर होतं. मग मी तिला जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दंडाला रबर धड बांधता येत नाही आणि मला शिकवायला निघालीस, हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. आया खाली मान घालून ऐकत होती. आपण बोललो तर ही बाई आपला कागद कसा भरेल, हे त्या मुलीला कळत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं. तरी ती दाराकडे गेली आणि आयाच्या पुढ्यात उभी राहिली.

"एकदा परत घ्या, बाई. मी चुकली असन तर आजच घरी जाते. पिशवी भरायला येळ नाय लागणार."

मी बाटली टेबलावर आपटायची तेवढी बाकी ठेवली. ठीक आहे, म्हटलं, परत घेऊ, पण मी नाही घेणार, तू घे. शीर सापडली नाही तर वॉर्डातूनच घरी जायचं. एका आजारी बाईच्या हातावर मी असला हट्ट मांडला, याची मला आजही शरम वाटते.

सात नंबरच्या खाटेपाशी आम्ही दोघी गेलो. थोरली डोळे मिटून पडली होती. हात थंडगार, शिरा कुठे म्हणून दिसेनात. मी सकाळी टोचलेल्या दोन जागा निळ्या पडल्या होत्या. ती सिरिंजला हात लावण्याआधी चुलीवरच्या आधणातलं पाणी घेऊन आली, फडकं भिजवून पिळलं, स्वतःच्या गालाला लावून बघितलं आणि थोरलीच्या दुसऱ्या हाताला गुंडाळलं. खाटेच्या कडेवर बसून तो हात मांडीवर घेतला. मी घड्याळ बघत होते. ती घाई करत नव्हती. फडकं निवल्यावर तिने रबर बांधलं, डोळे मिटले आणि कोपराच्या लवणात बोट फिरवायला लागली. मीच शिकवलं होतं ते, सायकलच्या नळीवर. पण एवढ्या हळुवार हाताने कुणी केलेलं मी तोवर बघितलं नव्हतं, माझ्या स्वतःच्या हातातही ते नव्हतं.

बोट एका जागी थांबलं, तेव्हा तिने विचारलं, "सांग गो बाय, माहेरी तुला काय म्हणायचे? बापाच्या नावासकट सांग."

डोळे मिटलेल्या त्या बाईने आपलं पोरपणीचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, एका दमात सांगितलं. शाळेत हजेरी देतात तसं, स्पष्ट. सकाळपासून तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तेवढ्यात सुई आत गेलीही होती. एकदाच टोचली. फिकं, पातळ रक्त सिरिंजमध्ये सावकाश चढलं. रबर सोडलं, सुई काढली, बोळा दाबला, हात सरळ ठेवला, एकही पायरी चुकली नाही. आणि खाटेवरून उठण्याआधी, तिथेच बसून, तिने पट्टीवर तिचं माहेरचं नाव आणि 'सव' लिहून नळीला चिकटवलं. मग नळी माझ्या हातात दिली.

त्या नळीतलं रक्त ओ गटाचं निघालं. मी पुन्हा केलं. पुन्हा ओ. तिसऱ्यांदा करताना माझा थेंब काचेच्या पट्टीबाहेर पडला. ओ गटाच्या माणसाच्या अंगात बी गटाचं रक्त गेलं तर काय होतं, ते मी दर वर्षी मुलींना फळ्यावर लिहून शिकवत होते. थंडी वाजते, कंबर फुटल्यासारखी दुखते, लघवी काळी होते, आणि एवढ्या अशक्त बाईला त्यातून परत आणायला आमच्याजवळ काहीही नव्हतं. भावाची बाटली टेबलावर होती. तिच्यावर माझी सही होती.

धाकटीला बोलावून तिचं परत घेतलं, ते बी. मग मी त्या मुलीला विचारलं की सकाळी मी नाव वाचलं तेव्हा धाकटीने मान का हलवली. मला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली की तिने मान हलवलीच नव्हती, खाली घातली होती.

"वरचा कागद थोरलीचा होता. तुमी तिच्या थोरल्या दिराचं नाव घेतलंत, बाई. ती काय तोंड वर करून बोलेल? ते नाव माझ्या नवऱ्याचं नाय, असं सांगायला पण तिला ते नाव मनात आणायला लागलं असतं."

एवढी वर्षं महाडात काढून, रोज त्याच बायकांचे हात हातात घेऊन, हे मला सुचलं नव्हतं. आणखी किती जणींनी माझ्यासमोर अशी मान खाली घातली असेल, हा विचार मनात आला. एखादीला चुकीचं औषध गेलं असेल, एखादीचा आजार दुसरीच्या कागदावर राहिला असेल. मला ते कधीच कळणार नव्हतं.

डॉक्टरांकडे मी स्वतः गेले आणि चूक माझी आहे, या मुलीने ती पकडली, असं सांगितलं. माझ्यासारख्या बाईला ते वाक्य तोंडातून काढणं किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. डॉक्टर रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की यापुढे रक्त चढवायचं असेल तर दोन वेळा, दोन वेगळ्या माणसांनी घेतलेलं रक्त तपासायचं. आमच्या जीपचा ड्रायव्हर ओ गटाचा होता, गडी तयारच असायचा. त्याचं रक्त घेतलं, नव्याने जुळवलं, आणि थोरलीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. चांगलं झालं. टाके काढल्यावर ती भावाबरोबर विश्रांतीला सवला गेली.

त्या आठवड्यात मी माझ्या खोलीतली शिकवण्याची रीतच मुळापासून बदलली. रबर, सुई, बोळा, हे सगळं नंतर. पहिला धडा प्रश्नाचा. नाव आपण वाचायचं नाही, समोरच्याने सांगायचं. बाई असेल तर माहेरचं नाव, बापाचं नाव आणि माहेरचं गाव विचारायचं, ते कागदाच्या नंबराशेजारी पट्टीवर लिहायचं, आणि माणूस समोरून उठण्याआधी पट्टी नळीला लावायची. हा धडा मी शिकवला नाही, तिला शिकवायला लावला. ती फळ्यापुढे उभी राहायला लाजत होती, म्हणून खुर्चीत बसून, एका मुलीचा हात हातात घेऊन तिने तो करून दाखवला. मी मागच्या बाकावर बसले होते. आणि सांगते ना, माहेरचं विचारलं की बाईचा चेहरा असा काही उजळतो आणि हात असा काही सैल सुटतो की शीर आपण होऊन बोटाखाली येते. ज्याला मी वेळेचा नाश म्हणत होते त्याने वेळ वाचायचा. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ते विचारायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी सहा जणींचे कागद माझ्या टेबलावर आले. तिचा कागद मी सगळ्यांत आधी घेतला. 'योग्य' लिहिलं, आणि त्या एका शब्दाने माझं समाधान होईना म्हणून खाली आणखी चार ओळी लिहिल्या. तशा ओळी मी त्याआधी कुणाबद्दल लिहिल्या नव्हत्या. मग तिला आत बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. तिने एकदा सगळा ऐकला, मग पुन्हा वाचायला सांगितला. खोली कधी मिळेल ते विचारलं. मी सांगितलं, वर्षाने. तोवर मुलगी पाच वर्षांची होईल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

ती जायला वळली, तेव्हा इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. त्या दुपारी दारात उभी राहिलीस, तेव्हा तुझा कागद माझ्या हातात आहे हे तुला ठाऊक होतं. तुझा अंदाज चुकला असता तर मी तुला खरंच घरी पाठवलं असतं, आणि बरोबर असूनही राग धरून पाठवलं असतं, तसा माझा स्वभाव आहे. तुझी मुलगी, तुझी खोली, सगळं गेलं असतं. भीती नाही वाटली?

वाटली, असं तिने कबूल केलं. चौकटीला धरून उभी होती म्हणे. मग लहान मुलाला समजावावं तशा आवाजात ती म्हणाली,

"मला घरी धाडलं असतंत, बाई, तर मी येष्टीत बसून गेली असती. ती सवची बाय घरी कशी गेली असती?"